खाचेची धार

दाजी, तुमची बंदूक वेल्ह्याच्या पोलीस ठाण्यात आहे. दस्त्याला सुतळीनं पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधलाय, त्यावर तुमचं वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि खाली 'अकस्मात मृत्यू'. पंचनाम्याच्या वेळी हवालदारानं माझ्यासमोर तिचा घोडा अंगठ्यानं मागं ओढला, हळूच पुढं सोडला, परत ओढला आणि म्हणाला, "नवी असून काय मऊ चालतीय हो!" मी सही करायला उभा होतो, पेन हातात होतं. चांगल्या कामाचं कुणी कौतुक केलं की माझी मान आपोआप हलते, बत्तीस वर्षांच्या नोकरीची सवय आहे. तेव्हाही ती हलली. तुम्हाला शवविच्छेदनाला नेलं होतं आणि इकडे मी मान हलवत होतो.

तुम्हाला लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. काही बोलायचं असलं की मी शिवऱ्याहून नसरापूरला यायचो, एसटी धरायचो आणि दुपारपर्यंत गुंजवण्याच्या वाटेवरच्या तुमच्या ओसरीत पाय पसरून बसायचो. फोन केला तर तुम्ही उचलता उचलताच सांगायचा, "बोला पाव्हणं, आजून जित्ता हाय म्या." माझ्या थोरल्या बहिणीचे तुम्ही नवरे आणि मी तुमचा एकुलता मेव्हणा, त्यामुळे मला छळायची मुभा तुम्हाला मांडवातच मिळाली होती. मी तेव्हा नऊ वर्षांचा. पाठवणीच्या वेळी तुमचा सदरा धरून 'आक्काला नेऊ नका' म्हणून भोकाड पसरलं, तर तुम्ही म्हणालात, "मंग तू बी चल." सगळे हसले. तुम्ही मात्र खरंच नेलंत. पंधरा दिवस राहिलो मी तुमच्याकडे. नदीत पोहायला शिकलो, आणि तुम्ही माझ्या पोटाखालचा हात कधी काढून घेतलात ते मला कळलंसुद्धा नाही.

दहावीनंतर घरचे म्हणत होते, गुरं राखू दे. तुम्ही आलात, मला अंघोळ करायला लावलीत आणि भोरला आयटीआयच्या रांगेत नेऊन उभं केलंत. दिवसभर ऊन खात माझ्याबरोबर उभे राहिलात. फिटर म्हणजे काय हे तुम्हालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. "कायतरी फिट करत आसत्याल," एवढंच तुमचं ज्ञान. पुढे मी महामार्गावरच्या कारखान्यात टूलरूमला लागलो, घर बांधलं, मुलं शिकवली. हातात कानस आली ती तुमच्यामुळे. हे तुम्हाला एकदा नीट सांगायचं राहून गेलं होतं. आता सांगतोय, तर त्याच कानशीचं पुढचंही सांगावं लागणार आहे.

आयटीआयमध्ये आमचे एक सर होते. लोखंडाचा तुकडा घासून चौकोनी ठोकळा करायचा आणि त्यांना नेऊन दाखवायचा. ते मापं नंतर बघायचे. आधी ठोकळ्याच्या कडेवरून बोट फिरवायचे आणि विचारायचे, "धार मोडली का?" लोखंड घासलं की कडेला धार येते, ती दोन हात मारून बोथट करायची, नाहीतर पुढच्या माणसाचा हात कापतो. धार राहिली की ठोकळा थेट खिडकीबाहेर. बत्तीस वर्षांत माझ्या हातून धार न मोडलेला एकही तुकडा बाहेर गेला नाही. झोपेतून उठवून लोखंड हातात दिलं तरी मी आधी कड मोडेन. या गोष्टीचा मला फार अभिमान होता, दाजी.

आता बंदुकीचं. शेतीसंरक्षणाचा परवाना तुमच्या घरात वडिलांपासूनचा. धरणात खालची सपाट जमीन गेली, उरले ते रानाला खेटलेले वरचे दोन तुकडे, आणि तिथं भात पोटरीला आलं की डुकरं हजर. तुमची जुनी ठासणीची बंदूक मला चांगली आठवते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी सारायची, गजानं ठासायचं, मागच्या बोंडीवर, म्हणजे आत भोक असलेल्या खुंटीवर, घोडा आपटला की ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची. तिचा घोडा ओढायला दोन अंगठे लागायचे. तुम्ही बहुतेक वेळा छर्रे घालतच नव्हता, नुसता आवाज काढायचा. "डुकराला बी पोरंबाळं हाईत," म्हणायचा आणि वर मलाच विचारायचा, "तुमच्या कारखान्यात आसं म्हनत्यात का कुनी?" जुनीची नळी मागच्या बाजूनं खाल्ली गेली. नूतनीकरणाच्या वेळी तपासणाऱ्यानं सांगितलं, ही उडवू नका, एक दिवस तोंडावर फुटेल. म्हणून रीतसर परवानगी घेऊन पुण्याच्या दुकानातून नवी आणलीत. तीही ठासणीची, टोपीचीच, पण कोरी करकरीत. गणपती बुडाले त्या आठवड्यात ती तुमच्या घरी आली.

कोरी म्हणजे नुसती नावाला. मी ओसरीत पोत्यावर ती उघडून बसलो तेव्हा मला हसूच आलं. आत मळकट ग्रीस भरलेलं. घोडा आणि चाप ज्यावर बसतात त्या कळीच्या पत्र्याला यंत्राच्या हत्यारानं काढलेल्या रेघा तशाच. भोकांच्या कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेला लोखंडाचा कच्चा कंगोरा, लोंबतेय. घोडा पडतो तो बोंडीच्या मध्यावर नाही, जरा एका अंगाला. घोडा ओढला की आत वाळूत चालल्यासारखी खरखर. तुमचा उजवा अंगठा ट्रॅक्टरच्या फाळाखाली चेंगरल्यापासून वाकत नव्हता, त्यामुळे तुम्ही डाव्या हातानं प्रयत्न करत होता आणि तो घोडा जागचा हलत नव्हता.

"लई आडमुठा हाय बगा," तुम्ही म्हणालात. "पर आसू द्या. हत्यार जरा आडमुठंच बरं. माणसाला इचार कराया येळ मिळतो."

"आडमुठं न्हाई दाजी, आळशी कारागिराचं काम हाय हे. आमच्याकडं आसला माल आला आसता तर दारातनं माघारी धाडला आसता."

"धाडा मंग पुण्याला माघारी."

"कशाला? म्याच करतो की सरळ. पाण्यावानी चालवून दावतो."

"पाणी कशाला पायजे? म्या काय तिच्यात मासं धरनार हाय?"

असा आपला वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं, घोडा ताठ राहू द्या, फार तर जरासा सैल करा. माझं म्हणणं, यंत्राला स्वभाव नसतो, एकतर ते बरोबर असतं नाहीतर चूक. तुम्ही म्हणायचा, "तुमी निवृत्त झालाव, आता कायतरी खाज पायजे हाताला." खरं होतं ते. दोन वर्षं घरी बसून माझे हात नुसते टीव्हीचा रिमोट धरत होते. तुमची बंदूक मिळाली आणि मला सकाळी उठायला कारण मिळालं.

रॉकेल आता कुठं मिळत नाही, म्हणून तुमच्या ट्रॅक्टरचं डिझेल परातीत घेऊन मी एकेक भाग धुतला. नळीतून गजाला चिंधी गुंडाळून फिरवली, पहिल्या चिंध्या काळ्या कुट्ट निघाल्या, मग राखाडी, मग पांढऱ्या. बरी काढल्या. घोड्याचं तोंड थोडं घासून तो बोंडीच्या मध्यावर आणला. भागांना निळा रंग लावायचा, बसवायचे, चालवायचे, परत काढायचे, कुठं रंग पुसला गेला ते बघायचं आणि तेवढंच घासायचं. यात तीन आठवडे गेले. घाई नव्हती. तुम्ही शेजारी बसून तंबाखू मळायचा आणि दर वेळी विचारायचा, "आजून काय ऱ्हायलं? तिचं लगीन लावायचं हाय का?"

आक्का मात्र त्या पोत्याला वळसा घालून जायची. तुमच्याकडची ती रीत मला लहानपणापासून माहीत होती. नवं लोखंड, मग तो विळा असो, फाळ असो की ट्रॅक्टर, खंडेनवमीला हळदकुंकू लागल्याशिवाय वावरात जात नाही. आक्का लग्न होऊन आली आणि ही रीत तुमच्या आईपेक्षाही कडक पाळायला लागली. "पूजा व्हईस्तवर त्याचं तोंड घराकडं करू नगंस, सुभा," ती मला म्हणायची, आणि नळी उघडी पडलेली असली तरी मी निमूटपणे तिचं तोंड रानाकडं फिरवून ठेवायचो. तुम्ही डोळा मारायचा. आपण दोघे तिच्या माघारी हसायचो.

सप्तमीला तुमच्या भावकीतली एक म्हातारी गेली आणि सुतक पडलं. नवमीची पूजा होणार नाही, दसऱ्याला शस्त्रं मांडायची नाहीत. आक्का म्हणाली, आता बंदूक दिवाळीनंतर चांगला दिवस बघून पुजू, तोवर ती खुंटीला. मला सुतक नव्हतं. अष्टमीला मी आलो ते शेवटचं काम उरकायला.

दाजी, घोड्याच्या मुळाशी एक पोलादी चकती असते, तिला दोन खाचा असतात. घोडा अर्धा ओढला की घोडा अडवणारं टोक पहिल्या खाचेत शिरतं आणि तिथं रुतून बसतं. मग चाप दाबा, आपटा, काही करा, घोडा पडायचा नाही. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत होतं, भरलेली बंदूक तुम्ही जन्मभर त्याच अर्ध्या घोड्यावर ठेवत आलात. त्या खाचेची कड धारदारच लागते. सगळ्या बंदुकीत तेवढी एक धार ठेवायची असते. मी ती चकती हातात घेतली, तेलाचा दगड घेतला, दुसरीकडची एक रेघ पुसायची होती ती पुसली, आणि बोट कडेवरून फिरलं. धार लागली. दगड दोनदा फिरला. तिसऱ्यांदाही फिरला. विचार करायच्या आत हात करून मोकळा झाला होता.

तिसऱ्या फेरीला दगडाचा आवाज बदलला. कडक पोलादावर दगड कुरकुरतो, मऊ लोखंडावर नुसता सरकतो. त्या चकतीचा कडकपणा वरवरचा होता, पातळ साय असावी तेवढा, आणि तो मी कडेवरून काढून टाकला होता. आवाज बदलला त्या क्षणी मला कळलं. मी सगळं जोडलं, घोडा अर्ध्यावर आणला आणि दस्ता मुठीनं ठोकला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा घोडा पडला.

तुम्ही तेव्हा गोठ्यात होता. आलात, मी काही बोलायच्या आत बंदूक उचललीत, आणि त्या चेंगरलेल्या अंगठ्यानं घोडा ओढून बघितलात. तो आला. तुमच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. तुम्ही परत ओढलात, परत. वीस वेळा तरी ओढला असेल. "लोण्यावानी!" तुम्ही आत बघून ओरडलात, "आगं ए, बग तुझ्या भावानं काय केलंय! ह्या आंगठ्यानं चालतंय!" मग माझ्याकडं वळून म्हणालात, "हारलो पाव्हणं. तुमचंच खरं."

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तुम्ही माझ्यापुढं पहिल्यांदाच हार मानलीत आणि मला तो विजय घ्यायचा मोह झाला. न सांगण्याचं कारण एवढंच आहे, दुसरं मोठं काही नाही. मनात म्हटलं, सुतक आहे, आक्का बंदूक दिवाळीपर्यंत खुंटीवरून काढू देणार नाही. तोवर ओळखीच्या माणसाकडून नवी चकती करून घेतो, कडक करून आणतो, गुपचूप बदलतो. यांना कळायचंही नाही. ज्या रीतीला मी हसत होतो तिच्याच भरवशावर मी माझी चूक खुंटीला टांगली आणि जेवून, पान खाऊन, शेवटच्या एसटीनं घरी गेलो.

एकादशीला संध्याकाळी तुमचा फोन आला. दिवे लागायच्या आधी. "पाव्हणं, डुकरांनी वरलं वावार निम्मं लोळवलं की वो. आता बगत बसू व्हय? जातो म्या घिऊन."

मागून आक्काचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण ती चिडलेली होती.

"दाजी, पूजा न्हाई झाली," मी म्हणालो.

"आता तुमी बी तिच्यावानी बोलाया लागलाव?" तुम्ही हसलात.

मी त्या वेळी सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. दाजी, त्या अर्ध्या घोड्यावर विसंबू नका, मी तो बिघडवलाय. त्याऐवजी मी म्हणालो, "टोपी शेवटी बसवा. डुक्कर दिसल्यावरच." हे मी तुम्हाला जुन्या बंदुकीच्या वेळीही दर वर्षी सांगायचो आणि तुम्ही दर वर्षी म्हणायचा तेच म्हणालात, "डुक्कार काय दम धरतंय व्हय, साहेब?" आणि फोन ठेवलात. मीही ठेवला. माझ्यापुरतं मी सांगितलं होतं असं मी त्या क्षणी मनाला पटवलं. तुम्ही ऐकणार नाही हे मला पक्कं माहीत असताना पटवलं.

डुकरं आलीच नाहीत. तुम्ही एक बारही न काढता सकाळी उजाडल्यावर परत निघालात. दारू, छर्रे, टोपी, सगळं भरलेलं, घोडा अर्ध्यावर. बांधावर दव होतं. पाय घसरला, बंदूक हातून सुटली आणि घोडा बांधाच्या दगडावर आपटला. शेजारच्या वावरात कापणीला आलेल्या माणसानं बघितलं ते एवढंच. त्या बंदुकीचा तो पहिला बार होता. तो तुमच्या छातीत गेला.

मी पोचलो तेव्हा घरासमोर माणसं जमली होती आणि सगळ्यांच्या तोंडी एकच होतं. पूजा झाली नव्हती. नव्या हत्यारानं आपला मान आपणच घेतला. कुणी आवाज खाली आणून बोलत होतं, कुणी आणत नव्हतं. आक्का चुलीपाशी बसली होती, रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "म्या त्यांना काय बोलले ठाव हाय का? म्हनले, न्या, काय व्हायचं ते व्हऊ द्या, मंग मला हाक मारू नगा. आन् त्यांनी खरंच हाक मारली न्हाई रं." दहा-बारा दिवस तिनं हे एकच वाक्य घोळवलं. जो भेटायला येई त्याला सांगे. बायका तिचा हात धरत, पण कुणीही असं म्हणालं नाही की तुझ्या बोलण्यानं नाही झालं. म्हणणार कसं, त्यांनाही तसंच वाटत होतं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. लोक म्हणाले, आज दुपार होणार, जीव अडकला असेल. कावळा पिंड ठेवायच्या आत येऊन बसला. सगळे चकित झाले. मला तेवढ्यातही वाटलं, दाजींना लोकांना ताटकळत ठेवणं कधी जमलंच नाही. तुमचा थोरला, डोक्याचे केस काढलेला, माझ्याकडं बघून म्हणाला, "मामा, कायच इच्छा ऱ्हायली न्हाई म्हणायची." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आक्का काठावर बसून कावळ्याकडं बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. ती तुमची माफी मागत होती.

ते मी बघितलं. मी गप्प राहिलो तर काय होणार आहे ते मला दिसलं. ही बाई उरलेलं आयुष्य असंच काढणार. रोज सकाळी उठून स्वतःला शिक्षा देणार. सणाला गोड करणार नाही, कुणाच्या लग्नात पुढं होणार नाही, सुनेला एक शब्द टाकून बोलणार नाही, कारण आपल्या जिभेनं माणूस मरतो अशी तिची खात्री झालीय. आणि मी येऊन-जाऊन तिचं सांत्वन करत बसणार, चांगला भाऊ म्हणून.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा थोरला पुण्याला गेला आणि घर रिकामं झालं. मी गेलो. दुपारची वेळ. आक्का ओसरीत सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. काही सजवलं नाही. चकती, खाच, दगड, तिसऱ्यांदा पडलेला घोडा. तिला खाच कळली नाही तेव्हा मी दोन बोटांनी करून दाखवली. हे बोट असं अडकायला पाहिजे, मी इथली कड घासली, म्हणून ते निसटलं. पूजा झाली असती तरी निसटलं असतं. तू गोड बोलून पाठवलं असतंस तरी निसटलं असतं.

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्या बोटांकडं बघतच तिनं विचारलं,

"म्हंजी माझ्या बोलन्यानं न्हाई गेलं त्ये?"

"न्हाई आक्का."

"आन् देवाच्या कोपानं बी न्हाई?"

"न्हाई. माझ्या हातानं."

तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली, दाजी. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्यानं, लहान पोरीसारखी. मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्या जवळ सरकलो. तिचं रडणं ओसरलं तेव्हा तिनं डोळे पुसले आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुला कवा कळलं ह्ये?"

मी खोटं बोलू शकलो असतो. बंदूक ठाण्यात बघितली तेव्हा कळलं, असं म्हणता आलं असतं. तेवढं एक वाक्य बोललो असतो तर माझी बहीण मला राहिली असती, हे मला तिचा प्रश्न ऐकताच समजलं होतं.

"आष्टमीला," मी म्हणालो. "जोडली तवाच."

ती बोटं मोडून मोजायला लागली. अष्टमी, नवमी, दसरा, एकादशी. करंगळीपर्यंत आली आणि थांबली.

"त्या सांजच्याला त्यांनी तुला फोन लावला, तवा म्या हितंच उभी व्हते," ती म्हणाली. "म्या गप ऱ्हायले. म्हनलं, माझं न्हाई ऐकत, पर सुभाचं ऐकतील."

तिनं सूप उचललं, उठली, दारापर्यंत गेली आणि मागं न वळता म्हणाली, "ठान्यात जाऊन सांग. आन् भाऊबीजेला येऊ नगंस."

ठाण्यात मी दुसऱ्या दिवशी गेलो. तोच हवालदार होता. मी बोलत होतो आणि तो लिहून घेत होता, मध्येच थांबून त्यानं विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं का कबूल करायला?" मी बहिणीचं नाव घेतलं. तो पुढं लिहीत राहिला. माझ्याकडं परवाना नसताना बंदुकीला हात लावल्याचं जे काही होईल ते होईल, बोलावलं की जायचं आहे.

आज भाऊबीज आहे. सकाळी बायकोनं विचारलं, निघायचं नाही का? मी नाही म्हणालो, आणि ती काय ते समजून स्वयंपाकघरात गेली. मी हे लिहीत बसलोय. शेजारच्या घरात बहिणी आल्यात, पाट मांडल्याचा आवाज येतोय. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून हा दिवस मी तुमच्या ओसरीत काढला, एकदाही चुकवला नाही. कारखान्यात सुट्टी नसली तरी अर्ध्या पाळीनंतर यायचो आणि तुम्ही आक्काला सांगायचा, "त्याला आधी जेवाया वाढ, ववाळनी मागनं."

तुम्ही मला एकदाही दोष दिला नसतात, हे मला माहीत आहे. उलट हसून काहीतरी बोलला असतात आणि आक्काला म्हणाला असतात, जाऊ दे गं, पोरच हाय त्ये. आमच्या दोघांत बिनसलं की दर वेळी तुम्हीच मध्ये पडायचा, एकदा तिला समजवायचा, एकदा मला. या वेळी ती तिथं आहे, मी इथं आहे, आणि मध्ये कुणी नाही, दाजी.